सहा सूत कमी

अमरावतीच्या सिव्हिल सर्जनने माझ्या कागदावर दोन वाक्ये लिहिली: "वाढ पूर्ण झाली आहे. फेरतपासणीचे कारण नाही." मूळ इंग्रजीत होते. भाषांतर माझे आहे, आणि न्यायालयात उभे आयुष्य भाषांतरे केलेल्या माणसाचे आहे, तेव्हा त्याविषयी शंका नको. ती वाक्ये लिहिली गेली त्या दिवशी माझे खरे वय सतरा वर्षे तीन महिने होते. सर्जनपुढच्या कागदावर ते एकोणीस होते. जंगल खात्यातील डेप्युटी रेंजरच्या जागेसाठी पाच फूट चार इंच उंची लागत असे. माझी पाच फूट सव्वातीन इंच भरली. सुतारांच्या हिशेबाने सहा सूत कमी.

ही हकिकत मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. सहानुभूती दाखवणारी माणसे पुष्कळ भेटली. त्यांच्यापैकी एकानेही कोणत्याही कागदावर सही केली नाही. नावे मुद्दाम गाळली आहेत. जे गेले त्यांना उत्तर देता येणार नाही, आणि जे आहेत त्यांच्या बाबतीत अब्रुनुकसानीचा कायदा मला चांगला ठाऊक आहे.

माझे वडील अंजनगाव सुर्जीच्या मराठी शाळेचे हेडमास्तर होते. हेडमास्तर म्हणजे एकटेच मास्तर. चार इयत्ता, एक खोली, एक छडी. पटावर ठराविक मुले भरली तर दुसरा मास्तर मंजूर होईल असे त्यांना खात्याकडून कळले होते, आणि त्या हिवाळ्यात डेप्युटी इन्स्पेक्टरची फेरी ठरली होती. फेरीच्या आदल्या दिवशी पटावर दोन मुले कमी होती.

एक मुलगा त्यांनी नदीकाठच्या मळ्यातून आणला. वांगी, मेथी आणि गेंदाची फुले पिकवणाऱ्या माळ्याचा तो मुलगा. वडिलांनी त्याला अक्षरशः वाफ्यातून उचलून आणले होते, पायांना चिखल तसाच होता. त्याची आई मागोमाग आली. वडिलांनी तिला मुलाची जन्मतारीख विचारली.

"कायची तारीख गुरुजी! नदीले तो मोठा पूर आला ना, त्या साली झाला हा."

"कोणता पूर? पूर दर दोन वर्षांनी येतो."

"ज्यात आमचा बैल गेला, तो."

बैल कधी गेला हे सरकारी दफ्तरात नव्हते. ज्याची तारीख ठाऊक नाही अशा मुलासाठी वडिलांची एक रीत होती, आणि ती त्या काळी त्यांच्या एकट्याची नव्हती. मुलाने उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायचा. बोटे कानाला लागली तर मूल सहा वर्षांचे झाले. मग जन्मतारीख पहिली जून लिहायची आणि साल मागे मोजून घालायचे. माळ्याच्या मुलाचा हात कान ओलांडून गालापर्यंत आला. तो आठ वर्षांचा तरी असावा. पण हात कानाच्या किती पुढे गेला हे मोजण्याची सोय त्या रीतीत नव्हती. लागला म्हणजे सहा.

दुसरे मूल कमी होते ते घरातूनच भरण्यात आले. मला पाचवे चालू होते. आईने मला न्हाऊ घालून, टोपी घालून शाळेत पाठवले, आणि वडिलांनी मलाही सगळ्यांदेखत हात डोक्यावरून घ्यायला लावला. बोटे टाळूपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. हे मला आठवते. लोक म्हणतात इतक्या लहानपणचे आठवत नाही. मला त्या बोटांची धडपड आजही आठवते. वडिलांनी माझे डोके हाताने कलते केले, खांदा वर ढकलला आणि बोटांची टोके कानाच्या पाळीवर नेऊन टेकवली.

"लागला," ते म्हणाले. आणि रजिस्टरात एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या. दोन मुले, एकच जन्मतारीख.

माझी जन्मपत्रिका त्या वेळी आमच्या घरी देवाच्या पेटीत होती. तिच्यात तिथी होती, वार होता, घटका-पळे होती. वडिलांना माझे वय ठाऊक नव्हते असा बचाव कोणालाही करता येणार नाही. डेप्युटीसाहेब आले, त्यांनी डोकी मोजली, दुसरा मास्तर मंजूर झाला. वडिलांनी त्या दिवशी पेढे वाटले. माझ्या वाट्याला दोन आले. माझी दोन वर्षे गेली ती या भावाने.

पुढे वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा बदलला, खलित्यांवरचे शिक्के बदलले. रजिस्टर मात्र तेच राहिले.

तो माळ्याचा मुलगा आणि मी एका बाकावर वाढलो. वाढलो हा शब्द त्याच्या बाबतीत शब्दशः घ्यावा. अमरावतीच्या हायस्कुलात आम्ही एका खोलीत राहत होतो. तेव्हा त्याला मिसरूड होते, आवाज फुटला होता, आणि तो पंगतीत बसला तरी उभा असल्यासारखा दिसे. मी त्याच्या बगलेखालून चालत असे. वर्गातली मुले आम्हाला काठी आणि खुंटी म्हणत. तो मला "मास्तरच्या" म्हणे. एका उन्हाळ्यात त्याच्या बापाच्या गाडीवर बसून आम्ही परतवाड्याच्या बाजाराला गेलो होतो. तिथे मेळघाटातून सागाच्या गाड्या उतरत होत्या. नाक्यावर खाकी कपड्यातला एक रेंजर प्रत्येक ओंडका पाहत होता. ज्या लाकडावर खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटलेला असेल ते पुढे जाई. ज्यावर नसेल ते तिथेच अडकवून ठेवले जाई, मग गाडी कोणाचीही असो. एका बड्या मालगुजाराचा कारभारी तिथे आरडाओरडा करत होता. रेंजरने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "ठसा दाखवा," एवढेच म्हणाला.

मी त्या दिवशी ठरवले की मला हे व्हायचे आहे. घोडा किंवा खाकी कपडे यांचे मला आकर्षण नव्हते. ज्या वस्तूवर खरा ठसा आहे ती खरी आणि ज्यावर नाही ती खोटी, असे स्वच्छपणे सांगता येण्याची ती जागा होती. रजिस्टरातल्या माझ्या ठशाविषयी मी तेव्हा विचार केला नव्हता.

जागा निघाल्या तेव्हा आम्ही दोघांनी अर्ज केले. उंचीची अट वाचून मित्राने मला हाती घेतले. खोलीमागे लिंबाचे झाड होते. सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या फांदीला लोंबकळायचे आणि त्याने माझे पाय धरून खाली ओढायचे.

"हात लांबून राहिले माह्ये," मी ओरडत असे.

"लांबू दे! कान तरी धरता येईन तुले," तो म्हणे आणि पोट धरून हसे. त्या शाळेतल्या दिवसाची त्यालाही आठवण होती.

मुलगा वाढायचा केव्हा थांबतो याविषयी त्या महिन्यात मी भेटेल त्याचे मत घेतले. आई म्हणाली, मुलगे लग्न होईपर्यंत वाढतात, म्हणून घाई करू नये. आखाड्याचा उस्ताद म्हणाला, आवाज फुटला की दोन वर्षे, नंतर फक्त रुंदी. खानावळवाल्या काकू म्हणाल्या, मुलाच्या विजारी आखूड व्हायच्या थांबल्या की समजावे. माझा आवाज त्या दिवाळीला फुटला होता आणि विजार दर सहा महिन्यांनी घोट्यावर चढत होती. म्हणजे उस्ताद, काकू आणि आई हे तिघेही माझ्या बाजूचे साक्षीदार होते. सिव्हिल सर्जनने त्यांच्यापैकी कोणालाच बोलावले नाही.

तपासणीच्या सकाळी मित्राने टांगा आणला आणि मला त्यात आडवे झोपवले. माणूस उठल्यावर लांब असतो आणि दिवसभर उभे राहून दबतो, असे त्याने कुठेसे ऐकले होते. मला पुढे कळले की त्यात तथ्य आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यातही त्याने मला बाकावर निजवून ठेवले. "उठू नको बे, दबशीन," असे दर मिनिटाला बजावत तो माझ्या उशाशी उभा होता. रोगी समजून एका परिचारकाने माझी चौकशीही केली.

उंची मोजायला भिंतीपाशी लाकडी खांब होता आणि त्यावर वरून सरकणारी पितळी पट्टी. कंपाउंडर चाळीशीतला, पान खाणारा.

"टाच टेक. टेक म्हणतो ना! इथं लय जण बगळे होऊन येतात."

मी टाच टेकली. पट्टी डोक्यावर आली. त्याने वाकून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मित्राला खांबापाशी बोलावले. मित्राच्या डोक्यावर पट्टी ठेवायला त्यालाच टाचा उचलाव्या लागल्या. मग त्याने दोघांचे कागद शेजारी ठेवले.

"अबे, तारीख तर एकच हाय! जुळे हाय का तुमी?"

"नाई," मित्र म्हणाला.

"मंग एक ताड अन् एक तुळस, असं काहून?"

खोलीत हशा पिकला. साहेबाने मान वर करून विचारले की काय आहे. कंपाउंडरने मोडक्या इंग्रजीत समजावले. साहेबाने मित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, दोन्ही कागद पाहिले. त्याच्या दृष्टीने पुरावा निर्विवाद होता: एकाच गावचे, एकाच शाळेतले, एकाच तारखेचे दोन तरुण, एक जेवढा वाढायचा तेवढा वाढला, दुसरा जिथे थांबायचा तिथे थांबला. मी बोलायला तोंड उघडले तर त्याने हाताने थांबवले आणि ती दोन वाक्ये लिहिली. अठरा वर्षांखालच्या उमेदवाराची उंची कमी भरली तर वर्षाने फेरतपासणी करता येईल असा नियम त्याच कागदाच्या पाठीवर छापलेला होता. मी सतरा वर्षांचा होतो. तो नियम माझ्यासाठीच लिहिला होता, आणि माझ्याच वडिलांच्या अक्षराने तो माझ्यापुरता रद्द झाला होता.

मित्राची निवड झाली. त्याने माझ्या उंचीसाठी केलेल्या खटपटीबद्दल मी आभारी आहे असे मला अजूनही म्हणवत नाही.

मी घरी गेलो आणि वडिलांपुढे प्रतिज्ञालेखाचा मसुदा ठेवला. माझा तो पहिला कायदेशीर मसुदा. अनवधानाने चूक झाली, पत्रिकेप्रमाणे दुरुस्ती व्हावी, असा सौम्य मजकूर होता. वडिलांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मी सही करणार नाही."

"बाबा, पत्रिका आपल्या घरात आहे. तारीख तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. गावातल्या निम्म्या पोरांच्या तारखा मी लिहिल्यात. एक खोटी आहे असं मीच लिहून दिलं तर बाकीच्या कशावरून खऱ्या? कोण पोलिसात आहे, कोण रेल्वेत. सगळ्यांना बोलावतील."

"त्यांच्या नोकऱ्यांसाठी माझी घालवायची?"

"तुझी अजून मिळालेली नाही," ते म्हणाले. "आणि माझी आहे."

शेवटचे वाक्य त्यांनी जरा हळू म्हटले. आई चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली.

मग मी स्वतःच शाळाखात्याच्या इन्स्पेक्टरला अर्ज केला. वडिलांवर आरोप नव्हता. पत्रिकेची नक्कल जोडली होती. आठ महिन्यांनी चौकशीचा हुकूम निघाला. त्याच खोलीत डेप्युटीसाहेब खुर्चीवर बसले, वडील उभे, मी उभा. रजिस्टर उघडले गेले. त्या पानावर त्या दिवसाच्या दोनच ओळी होत्या.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"मुलगा तुमचाच. तारीख खरी आहे का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. "रजिस्टरप्रमाणे खरी आहे."

"आणि ही पत्रिका?"

"करणारा जोशी वारला. मला सांगता येणार नाही."

पुढे मी न्यायालयात हजारो जबान्या ऐकल्या. इतकी निर्दोष जबानी क्वचितच ऐकली. तिच्यात एकही वाक्य खोटे म्हणून पकडता येत नाही. अर्ज फेटाळला गेला. त्या संध्याकाळी वडील आणि मी एकाच पंगतीत जेवलो. त्यांनी मला ताक वाढले. मी ते घेतले नाही.

आणि मी वाढत राहिलो. रागाने वाढलो असे मित्र म्हणतो. पुढच्या उन्हाळ्यात कोटाच्या बाह्या मनगट सोडून वर गेल्या, चपला बदलाव्या लागल्या, आईने देवळीतला आरसा एक खिळा वर लावला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्याच इस्पितळात त्याच कंपाउंडरला चार आणे देऊन मी स्वतःला मोजून घेतले. पाच फूट साडेचार इंच. त्याने पट्टी दोनदा खालीवर केली.

"तू तर थांबला होता ना बावा?"

"असे साहेबांचे मत होते," मी म्हणालो.

मी जंगल खात्याच्या कचेरीत गेलो. सोबत काही नेले नव्हते. मीच पुरावा होतो. हेडक्लार्क सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझा जुना कागद काढला आणि चष्मा पुसला.

"यावर वाढ पूर्ण झाल्याचं लिहिलं आहे."

"त्यानंतर मी सव्वा इंच वाढलो आहे. आपण मोजून पाहा."

"सर्जनसाहेबांच्या दाखल्यानंतर वाढलात, तर ती वाढ दफ्तराला दिसत नाही."

"आपल्याला दिसते की नाही?"

"मला दिसते," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण ते राहू द्या. वयाची अट एकवीस. आपली गेल्या जूनमध्ये एकवीस पूर्ण झाली."

मला तेव्हा खरी एकोणीस पूर्ण झाली होती. ज्या कागदाने मला एकोणीस वर्षांचा ठरवून माझी वाढ संपवली होती, तोच कागद मी खरोखर एकोणीस वर्षांचा झालो तेव्हा माझी संधी संपवत होता. उंची कमी होती तेव्हा मी वयाने फार मोठा होतो. उंची झाली तेव्हा मी वयाने आणखी मोठा झालो होतो. हे मी त्यांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "लेखी द्या." मी लेखी दिले. कॉन्झर्व्हेटरला दिले, कमिशनरला दिले, नागपूरला चीफ कमिशनरला दिले. प्रत्येकाचे उत्तर आले. सरकारने मला उत्तर दिले नाही असे मी म्हणणार नाही. सगळी उत्तरे माझ्या पेटीत आहेत आणि सगळ्यांचा मजकूर एकच आहे.

मी अकोल्याच्या न्यायालयात नक्कलनवीस म्हणून लागलो आणि पुढे भाषांतरकार झालो. कापसाच्या अडत्यांचे दावे, शेताच्या बांधांचे दावे, दत्तकाचे दावे. दुसऱ्यांचे ठसे तपासण्यात जन्म गेला. मित्र मेळघाटात डेप्युटीचा रेंजर झाला. वर्षातून एकदा तो अकोल्याला येई, मध आणि बांबूचे कोंब आणी, ओट्यावर बसून वाघाच्या गोष्टी सांगे आणि माझी मुले त्याच्या खांद्यावर चढत. मी त्याचे आदरातिथ्य केले. तो गेला की दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोलत नसे, कारण मी बोलू देत नसे.

आई गेल्यावर वडील अकोल्याला माझ्याकडे राहायला आले. आम्ही सभ्यपणे राहत होतो. त्यांच्या औषधाच्या वेळा मी चुकवल्या नाहीत. एके दुपारी मी कचेरीतून आलो तेव्हा ते ओसरीवर माझ्या धाकट्या मुलाला घेऊन बसले होते. मुलाने डोक्यावरून हात घेतला होता आणि बोटे कानापासून चांगली लांब होती.

"याला किती वर्षं?" वडिलांनी विचारले.

"चार वर्षे सात महिने," मी म्हणालो. "म्युनिसिपालिटीचा दाखला आहे."

ते मुलाच्या हाताकडे पाहत होते. "तुझाही लागला नव्हता," ते म्हणाले. "मी लावला."

मी उभाच होतो. इतक्या वर्षांत मी या वाक्याला अनुसरून पुष्कळ उत्तरे तयार केली होती. मी आत गेलो, मुद्रांकाचा कागद काढला आणि त्यांच्यापाशी येऊन बसलो. ही संधी मी सोडणार नव्हतो. तोंडी कबुली साक्षीदाराशिवाय फुकट असते, आणि साक्षीदार चार वर्षांचा होता.

"सांगा," मी म्हणालो. "मी लिहितो."

त्यांनी सांगितले. शाळेची फेरी, कमी पडलेली दोन डोकी, माझा हात. मी लिहून सहीसाठी कागद पुढे केला तर त्यांनी तो वाचून परत दिला. अगदी पूर्वीसारखाच.

"अर्धंच लिहिलंस."

"माझ्याबद्दलचे सगळे आहे."

"त्या दिवशी मी दोन ओळी लिहिल्या. माळ्याच्या पोराचा हात गालापर्यंत आला होता. आठ तरी असेल. तेही लिही."

"त्याचा इथे संबंध नाही, बाबा."

"मी एकदा अर्धं खरं बोललो," ते म्हणाले. "डेप्युटीसमोर, तुझ्या देखत. आता बोलेन तर सगळं. लिहायचं तर दोघांचं, नाहीतर राहू दे."

मी लिहिले. त्यांनी स्वच्छ अक्षरात सही केली. शेजारचे दोन वकील साक्षीदार झाले. पुढच्या पावसाळ्यात वडील वारले.

आता तो कागद माझ्या हातात होता. नोकरीची तेव्हा सहा वर्षे बाकी होती. तो मान्य झाला असता तर आठ झाली असती. रेंजरची जागा तर कधीच गेली होती, पण माझी स्वतःची दोन वर्षे मला परत मिळाली असती, आणि सरकारला एकदा तरी लिहावे लागले असते की आमचे चुकले. त्याच कागदाच्या दुसऱ्या परिच्छेदाने माझ्या मित्राचे वय दोन वर्षांनी वाढत होते. भरतीच्या वेळीच त्याने एकविसाची अट ओलांडली होती असे ठरून त्याची नोकरी त्याच दिवशी धोक्यात आली असती. चौकशी झाली असती, इतकी वर्षे खोट्या वयावर राहिला म्हणून पेन्शन अडले असते. त्याने खोटे लिहिले नव्हते. त्याच्या आईने पुराचे आणि बैलाचे खरे सांगितले होते.

वडिलांनी दुसऱ्या परिच्छेदाचा आग्रह सत्यासाठी धरला की मी कागद पाठवू नये म्हणून, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. दोन्ही बाजूंनी मी युक्तिवाद करून पाहिले आहेत. मृताची उलटतपासणी घेता येत नाही.

मी कागदासोबतचे पत्र लिहिले. फाडले. पुन्हा लिहिले. मित्र नेहमीप्रमाणे मध घेऊन आला की त्याच्यासमोर बसून मी मनात मजकूर जुळवत असे. याला कोणी मोठेपणा म्हणू नये. मी दर खेपेला कागद पाठवण्याच्या निश्चयाने लिफाफ्यावर पत्ता घालत होतो, आणि दर खेपेला तो पेटीत ठेवत होतो, आणि त्याबद्दल मला मित्राचा, वडिलांचा आणि स्वतःचा सारखाच संताप येत होता.

आमची जन्मतारीख एकच. म्हणून पंचावन्न वर्षेही आम्हाला एकाच दिवशी पूर्ण झाली. मी त्रेपन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झालो, तो सत्तावन्नाव्या. ज्या दिवशी त्या कागदाने कोणाचेही नुकसान होण्याची भीती उरली नाही, त्याच दिवशी त्याचा मला काही उपयोग उरला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मित्र मोटारीने अकोल्याला आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, पाठीत किंचित वाकलेला. ओट्यावर बसता बसता म्हणाला, "घे मास्तरच्या, दोघं एकाच दिवशी म्हातारे झालो. जुळेच निघालो आपण."

मी आत गेलो आणि कागद आणून त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून सावकाश वाचला. पहिला परिच्छेद, दुसरा परिच्छेद, सही, सहीखालची तारीख. तारखेवर त्याने बोट ठेवले आणि किती वर्षे झाली ते मनाशी मोजले.

"हे तुह्याजवळ तवापासून हाय?"

"हो."

"मले ठाव होतं मी मोठा हावो. माय मरताना सांगून गेली. तू आपल्या तारखांचं सरकारले लिहून पाठवशीन म्हणून दरसाली वाट पाहिली म्या." त्याने कागदाची घडी घातली, पण परत दिला नाही. "पाठवलं काहून नाई?"

घरात चहाची भांडी वाजत होती. मी पत्रांना उत्तर न देणाऱ्या माणसांचा आयुष्यभर तिरस्कार केला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले नाही. तो मधाची बाटली ओट्यावर ठेवून म्हणाला, "उठ बरं. उभा राह्य."

आम्ही दाराच्या चौकटीत पाठीला पाठ लावून उभे राहिलो. माझ्या बायकोने पाटावर चढून आमच्या डोक्यांवर वरणाची पळी आडवी धरली. मित्र वयाने वाकला होता, मी वाकलो नव्हतो. तरीही तो माझ्यापेक्षा उंच निघाला.

"किती?" मी विचारले.

"थोडेसेच," ती म्हणाली.

"नीट मोज," मी म्हणालो.